तायडे नानांचा ब्रेक

आमच्या शेजारचे तायडे नाना रोज सकाळी सहा वाजता आपल्या मोटारीला हातोडीने मारतात. रागाने नाही. एकेका चाकापाशी उकिडवे बसतात, रिमवर हलकाच ठोका देतात, मान तिरकी करून आवाज ऐकतात आणि पुढच्या चाकाकडे सरकतात. चार चाकं, चार ठोके. आमच्या गल्लीत कोणी गजर लावत नाही. चौथा ठोका ऐकला की दूध तापत ठेवायचं. पाचवा पडला तर समजायचं, एका चाकाचं उत्तर नानांना पटलेलं नाही. त्या दिवशी नाना दिसणार नाहीत, फक्त ऐकू येतील.

ऐकू येतील ते जमिनीखालून. कारण नानांनी अंगणात मोटारीच्या मापाचा खड्डा खणलेला आहे. विटांनी बांधलेला, उतरायला पायऱ्या, बाजूला पाने-पकडी ठेवायला कोनाडे. भुसावळच्या रेल्वेच्या शेडमध्ये नाना उभा जन्म ब्रेकचे फिटर होते. तिथे इंजिनाच्या खाली असा खड्डा असतो म्हणे. निवृत्त झाल्यावर लोक घराला बाल्कनी काढतात, नानांनी खड्डा काढला.

मिलिंदच्या, म्हणजे त्यांच्या मुलाच्या, लग्नाच्या वेळची गोष्ट. मुलीकडची मंडळी आली. मुलीच्या मामांनी विचारलं, "मुलाचे वडील कुठे आहेत?" सुमनबाईंनी, म्हणजे नानांच्या बायकोने, मोटारीकडे बोट केलं. मामा मोटारीत डोकावले. मोटार रिकामी. तेवढ्यात पायांखालून आवाज आला, "जय भीम. बसा, बसा. आणि तेवढा सतराचा पाना द्या." मामांनी पाना दिला, नेमका सतराचा. नानांनी वर न येताच स्थळ पसंत केलं.

आता मी कोण, तेही सांगते. मी भूगोलाची निवृत्त शिक्षिका. वय चौऱ्याहत्तर, त्यातला उजवा गुडघा फक्त दीड वर्षाचा. चौकशा करणं हा माझा जन्मजात व्यवसाय. भूगोल शिकवला तो पोटासाठी.

नानांची माझी पहिली भेट भांडणाची. त्यांनी ही मोटार जुनी म्हणूनच विकत घेतली, तेव्हा मी होते सेहेचाळीसची. आत्ताच्या हिशोबाने कोवळीच. शाळेत नुकतीच पर्यवेक्षिका झाले होते, आणि पर्यवेक्षिका झालेल्या बाईला सगळं जग वर्गात बसल्यासारखं दिसतं. पहाटेच्या ठोक्यांविरुद्ध मी तीन पानी अर्ज लिहिला. त्यात "कर्णकटू आघात" होते, "नागरी जीवनाची शांतता" होती, एक संस्कृत सुभाषितही होतं, ज्याचा ठोक्यांशी काही संबंध नव्हता. गल्लीत फिरून बावीस सह्या गोळा केल्या आणि अर्ज ऐटीत नानांच्या हातात दिला. त्यांनी उभ्याउभ्या तिन्ही पानं वाचली. मग कानामागची पेन्सिल काढली आणि खाली तेविसावी सही केली.

मी म्हटलं, "तुम्ही कशाला सही करता?"

"मी पण ह्याच गल्लीत राहतो बाई," नाना म्हणाले. "आवाज तर मला सगळ्यात जास्त येतो."

त्या अर्जाचं पुढे काय करायचं ते मला सुचलं नाही. अजून कपाटात आहे. मराठी फार शुद्ध आहे.

नानांच्या तीन भाषा आहेत. त्यांचं गाव धुळ्याकडचं, तेव्हा मोटारीशी ते अहिराणी बोलतात. "काय व्हयनं वं माय तुले?" असं इतक्या मायेने विचारतात की मला वाटतं मोटार आता रडणार. माझ्याशी शाळेतलं मराठी, कारण मी बाई. आणि ज्याला ते साहेब समजतात त्याच्याशी रेल्वेची हिंदी. काम मनासारखं झालं की मात्र तिन्ही भाषांचं एकच वाक्य होतं: "बठ्ठं बेस शे." सगळं उत्तम आहे. हे वाक्य मी अठ्ठावीस वर्षांत फार तर दहा-बारा वेळा ऐकलं असेल. एरवी काही ना काही बेस नसतंच.

मोटारही पाहण्यासारखी आहे. रंग मूळचा पांढरा. पाठीमागे डिकीवर पिवळ्या रंगाने काढलेली भली मोठी फुली. नवा माणूस हमखास विचारतो, ही गाडी रद्द झाली का? तर तसं नाही. रेल्वेच्या शेवटच्या डब्यावर अशी फुली असते. गाडी स्टेशनातून गेली आणि फुली दिसली, की तिथल्या माणसाला कळतं, गाडी पूर्ण गेली, मधेच तुटून डबे मागे राहिले नाहीत. मी म्हटलं, "नाना, तुमच्या मोटारीला डबेच नाहीत."

"म्हणजे शेवटचा डबा हाच ना?" नाना म्हणाले.

रेल्वेचं व्याकरण मला कुठलं यायला. मी भूगोलाची.

आत मागच्या सीटच्या बाजूला त्यांनी स्वतः जोडलेला कूलर आहे. भुसावळच्या उन्हाळ्यात मोटारीत बसणं म्हणजे भाकरीने तव्यावर बसणं. नानांनी मागे पत्र्याची टाकी केली, खिडकीला वाळ्याची जाळी, छोटा पंप, छोटा पंखा. हवा खरंच गार येते. फक्त वळणावर टाकीतलं पाणी हिंदकळतं आणि मागे बसलेल्याच्या पायांवर तीर्थ येतं. सीटच्या आत कारखान्याचा फोम नाही, गादीवाल्याकडून पिंजून आणलेला कापूस आहे. स्प्रिंगा त्यांनी तीनदा बदलल्या. दर वेळी मी विचारलं, "का हो, आधीच्यांना काय झालं होतं?" दर वेळी उत्तर, "बऱ्या होत्या. पण अजून मऊ पाहिजे."

सुटे काढलेले नटबोल्ट ते सुमनबाईंच्या मिसळणाच्या डब्यात ठेवायचे. सात वाट्या, सात मापं, त्यांच्या मते ह्याहून चांगली पेटी जगात कोणी केली नाही. सुमनबाईंनी नवा डबा आणला की आठवड्यात तोही खड्ड्याच्या कोनाड्यात दाखल. एकदा आमटीत वॉशर निघाला. सुमनबाई शांतपणे म्हणाल्या, "हा कुठला, मागचा की पुढचा?" नानांनी तो धुतला, उजेडात धरला आणि म्हणाले, "हाच चार दिवस शोधत होतो."

मी त्यांच्याकडे मोटार शिकले, हेही कबूल करून टाकते. शिकले म्हणजे एक दिवस. त्या आधी मी ग्रंथालयातून पुस्तक आणून घर्षण, वेग, गती असं सगळं पाठ केलं होतं आणि वाटेभर नानांना शिकवत होते. त्यांनी मला गावाबाहेरच्या मैदानात नेलं. एवढं मोठं मैदान, त्यात एकच बाभूळ. मी सरळ तिच्यापर्यंत गेले. नाना खाली उतरले, बंपर पाहिला, बाभूळ पाहिली आणि म्हणाले, "बाई, नेम चांगला आहे." मग तो पत्रा त्यांनी घरीच ठोकून सरळ केला आणि शिक्षा म्हणून मला बॅटरी धरून उभं केलं. त्या दिवसापासून मी त्या खड्ड्याच्या काठावर जी बसले ती बसलेच. चौदाचा पाना बघून ओळखायला शिकले. माझ्या मुलांचे पाढे घेण्यात मला इतका रस कधी वाटला नव्हता.

चार वर्षांपूर्वी सुमनबाई गेल्या. त्यांची किडनी गेली होती. तीन वर्षं डायलिसिस चाललं आणि मग एका सकाळी ते थांबलं. त्या दिवशी ठोके पडले नाहीत. पुढचे तेरा दिवस पडले नाहीत. आमच्या गल्लीत दोन आठवडे सगळ्यांना उशिरा जाग येत होती आणि कोणी कोणाला कारण विचारत नव्हतं.

मिलिंद पुण्यात असतो. त्याने नानांना तिकडे नेलं. अकराव्या मजल्यावरचं घर, सून चांगली, नात गोड. पंधरा दिवसांत नाना परत. मी विचारलं, काय झालं? तर त्यांनी लिफ्टच्या दारावर हातोडीने ठोके देऊन पाहिले होते आणि सोसायटीने नोटीस लावली होती.

"आवाज बरोबर नव्हता का?" मी विचारलं.

"आवाज बरोबर होता," नाना म्हणाले. "तिथं काही बिघडतच नाही बाई. बिघडलं तर एक पोरगा येतो, नवीन लावतो, जातो. मी नुसतं बघायचं."

आता मूळ गोष्टीकडे येते. इतक्या जुन्या मोटारीला दर पाच वर्षांनी जळगावच्या आरटीओत नेऊन तपासून घ्यावं लागतं. पास झाली तर पुढची पाच वर्षं रस्त्यावर, नाहीतर भंगारात. ह्या वर्षी ती पाळी आली आणि मिलिंदने फोन केला. मी तिथेच होते. मी नेहमी तिथेच असते.

"नाना, एकदाच ठरवू," मिलिंद म्हणाला. "गाडी पास झाली तर मी पाच वर्षं तोंड उघडणार नाही. नापास झाली तर गाडी भंगारात आणि तुम्ही पुण्याला. मग परत यायचं नाही. शहात्तर वर्षांचे आहात, तिथे एकटे पडलात तर मला कळायचं तरी कसं?"

मिलिंद माझा विद्यार्थी. नकाशा भरण्यात कच्चा, पण मुलगा सरळ. त्याचं चुकत होतं असंही मला म्हणता येईना.

नाना म्हणाले, "मंजूर." फोन ठेवला, मोटारीच्या बॉनेटवर हात ठेवला आणि विचारलं, "काय म्हनस तू?"

पुढचे दोन महिने नाना जमिनीखालीच राहिले म्हणायला हरकत नाही. दिवे, वायपर, धुराडं, स्टेअरिंगचे सांधे, सगळं उघडून बघितलं. सगळ्यात शेवटी ब्रेक. तिथे मात्र ते मला म्हणाले, "बाई, आता दोन माणसं लागतील."

ब्रेकच्या नळीत तेल असतं. त्यात हवा शिरली की ब्रेक पोकळ लागतो. ती हवा काढायला एकाने आत बसून पायाने ब्रेक दाबायचा, दुसऱ्याने खाली नट सैल करायचा, हवा फसकन बाहेर, नट घट्ट, मग वरच्याने पाय उचलायचा. पाय आधी उचलला तर हवा परत आत. पूर्वी हे काम सुमनबाई करायच्या. मांडीवर परात घेऊन, भाजी निवडत. आता माझी नेमणूक झाली.

"दाबा," जमिनीखालून आवाज. "धरा. धरा. सोडा."

मी पस्तीस वर्षं मुलांना आज्ञा दिल्या. ऐकायची सवय नाही. तिसऱ्या चाकाला आमच्या घरातून कुकरची शिट्टी झाली, मी माझ्या घरच्या माणसाला ओरडून सांगितलं, "गॅस बारीक करा," आणि त्या ओरडण्याच्या भरात पाय उचलला गेला. खाली पाना थांबला. मग आवाज आला, "बाई, कुकरची शिट्टी ब्रेकमध्ये गेली. परत पहिल्यापासून."

चारही चाकं दोनदा झाली. शेवटी नानांनी ब्रेक दाबून बघितला, सोडला, परत दाबला. "बठ्ठं बेस शे," ते म्हणाले, आणि मला शाळेत बक्षीस मिळाल्यासारखं झालं.

तपासणीच्या दिवशी मी बरोबर जायचं ठरवलं. नानांचा विरोध. "बाई, तुमचा गुडघा अजून नवीन आहे. रनिंग-इन व्हायचाय."

"ब्रेकवर माझी मेहनत आहे," मी म्हटलं. "निकाल ऐकायला मी येणार." आमच्या ह्यांनी पेपरातून मान वर न काढता सांगितलं, "जा. एसटीचं कार्ड ने, परत येताना लागेल." मी नेलं नाही.

भुसावळ ते जळगाव अंतर ते किती, पण नानांनी तास लावला. वाघूरचा पूल आला, नशिराबाद गेलं, केळीचे ट्रक मागून हॉर्न देत पुढे जात होते आणि जाताना फुलीकडे बघून ड्रायव्हर हसत होते. मी मागे बसले होते. पुढचं सीट गुडघ्याला अडतं. कूलर चालू, पाय ओले, वाळ्याचा वास. मीच आपली बोलत होते, भीती वाटली की माझं तोंड चालतं.

तपासायला एक तरुण बाई होत्या. तिशीच्या आतल्या, खाकी कपडे, हातात पॅड. नानांनी चटकन रेल्वेची हिंदी काढली, "नमस्ते साब." त्या म्हणाल्या, "मराठीत बोला आजोबा, मी चोपड्याची आहे." मग त्यांनी मोटारीला एक चक्कर मारली आणि मागे येऊन थांबल्या.

"ही गाडी कोणी खोडली?"

नानांनी शेवटच्या डब्याची गोष्ट सांगितली. अगदी सिग्नलपासून. बाईंनी ती पूर्ण ऐकली, हसल्या नाहीत, त्यावरून मला त्या आवडल्या. "फुलीचं एक टोक नंबरप्लेटवर आलंय," त्या म्हणाल्या. "तेवढं खरवडा." नानांनी खिशातून पटाशी काढून तेवढं टोक खरवडलं. मग त्यांनी कूलर पाहिला. जाळीसमोर हात धरला, हवा गार लागली, आणखी थोडा वेळ धरला. "ह्याला फॉर्ममध्ये रकानाच नाही," त्या म्हणाल्या आणि पुढे गेल्या.

दिवे पास. हॉर्न पास. धूर पास. प्रत्येक खुणेला मी मनात टाळ्या वाजवत होते.

"आता ब्रेक," बाई म्हणाल्या. "त्या टोकापासून जोरात या. मी हात खाली केला की जोरात ब्रेक दाबा. आजी, तुम्ही उतरता?"

"मी नाही उतरत," मी म्हटलं. "मी कारागीर आहे." त्यांनी खांदे उडवले.

नाना टोकापर्यंत गेले, वळले, वेग घेतला. बाईंचा हात खाली आला. मोटार हळूहळू, हळूहळू, दुधावर साय धरावी तशी मंदावली, बाईंना ओलांडून पुढे गेली आणि बऱ्याच पुढे थांबली. थांबली कधी ते मला कळलंही नाही. टाकीतलं पाणी हललं नाही.

बाई चालत आल्या. "आजोबा, ब्रेक लागत नाहीत."

"लागतात साहेब," नाना म्हणाले.

"मग परत एकदा."

परत तेच. साय. ह्या खेपेला बाईंना आणखी लांब चालत यावं लागलं. त्यांनी पॅडवर पेन टेकवलं, पण लिहिलं नाही. "हे बघा, शेवटचं एकदा. नाही थांबली तर मला नापास लिहावं लागेल. रस्त्यावर लेकरू आडवं आलं तर काय कराल?"

मी मागून कुजबुजले, "नाना, दाबा ना. दाबत का नाही?"

"दाबतोय."

त्यांच्या मानेवर घाम आला होता. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की ब्रेकला काही झालेलं नाही, नानांच्या पायाला झालंय. पायात जोर राहिला नाही. मिलिंद बरोबर आहे. आणि मग लगेच दुसरा विचार आला, तो असा की उद्या सहाला मी कशाने उठणार? अशी मी. माणसाचं घर जातंय आणि मला दुधाची काळजी.

नानांनी आरशातून मागे माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "बाई, तुम्ही उतरा."

"का? माझं वजन जास्त होतंय?"

"उतरा तुम्ही."

अठ्ठावीस वर्षांत त्यांनी माझं काही नाकारलं नव्हतं. मी उतरले, गुडघा धरत कडेला जाऊन उभी राहिले, आणि खरं सांगते, मला राग आला होता. ब्रेकमधली हवा मी काढली. दोनदा काढली.

मोटार टोकाला गेली, वळली, आली. आधीपेक्षा जोरात आली. बाईंचा हात खाली आला आणि मोटार जागच्या जागी खिळली. बुड उचललं, टायरांनी जमिनीवर दोन काळ्या रेघा ओढल्या, टाकीतलं सगळं पाणी खिडकीतून बाहेर येऊन साहेबबाईंच्या बुटांवर पडलं. त्या दोन पावलं मागे सरकल्या. मग खाली वाकून रेघा बघितल्या, मोटार बघितली, नानांना बघितलं.

"आजोबा, हे आधी का नाही केलं?"

नानांनी स्टेअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले. "आधी आत माणूस होतं साहेब," ते म्हणाले.

बाईंनी पास लिहिलं.

मिलिंदला मी फोन लावून दिला. नानांनी सांगितलं, "पास." मग मिलिंद म्हणाला, "बरं. सावकाश या नाना." शब्दाचा पक्का आहे. माझा विद्यार्थी.

नशिराबाद मागे पडलं. मी मागे बसून शेवटी विचारलंच. माझा तो व्यवसाय आहे. "नाना, मी बसले होते म्हणून पाय दाबत नव्हता?"

"पाय ऐकत नाही बाई," ते म्हणाले. आरशात त्यांचे डोळे दिसत होते, रस्त्यावर. "तीन वर्षं आठवड्यातून दोनदा हिला डायलिसिसला जळगावला न्यायचो. जाताना बसून असायची. येताना झोपायची. रात्री घरी तिला झोप नव्हती. अंगाला खाज, पायात गोळे, बसूनच असायची बिचारी. गाडीत तेवढी लागायची. मग गाडी थांबली हे तिला कळून चालेल का? फाटक लागलं, गाय आडवी आली, ट्रक आला, काही झालं तरी कळायला नको. तेव्हापासून पायाला तेच माहीत आहे. मागे कोणी बसलं की तो बसतच नाही जोरात."

नाना आपणच पुढे म्हणाले, "घरासमोर आलो आणि झोपलेली असली तर उठवायची कशी? मग नव्हतो थांबत. तसाच सरळ यावलच्या रस्त्याला लागायचो. केळीच्या बागांमधून. कधी कधी रावेरपर्यंत जायचो. जाग आली की म्हणायची, पोचलो का? मी म्हणायचो, हे काय, आलंच."

त्या दिवसांत ही मोटार गल्लीच्या तोंडावरून न वळता पुढे निघून जाताना मी गच्चीतून कितीदा पाहिली होती. आणि एकदा सुमनबाईंना म्हटलंही होतं, "मजा आहे बुवा तुमची. ह्या वयात सारखं फिरायला जाता." त्या हसल्या होत्या. मी नद्यांची उगमस्थानं तोंडपाठ असलेली बाई. दहा पावलांवरच्या घरातलं मला काही ठाऊक नव्हतं, आणि चौकशा तर केवढ्या करत होते.

भुसावळ जवळ आलं. बाहेर ऊन रणरणत होतं, टाकीत पाणी नव्हतं, कूलर नुसता गरगरत होता. मी चष्मा काढून पर्समध्ये ठेवला. डोकं मागे टेकवलं, डोळे मिटले. झोप कुठली यायला, पण मी परीक्षेच्या वर्गात डोळे मिटून जागी राहण्यात तरबेज आहे. थोड्या वेळाने श्वासही जरा लांब घ्यायला लागले. एकदा बारीक घोरले. तेवढं जास्त झालं की काय असं वाटलं, पण पुढून काही आवाज आला नाही. फक्त कूलरचा पंखा बंद झाला. नानांनी तो बंद केला होता, खडखडतो म्हणून.

आमच्या गल्लीचं वळण मला डोळे मिटूनही कळतं, तिथे रस्ता जरा उजवीकडे कलतो. तो कलला नाही. मोटार सरळ गेली. पुढे चाकांखालचा आवाज बदलला, पोकळ झाला, म्हणजे तापीचा पूल. मग खिडकीतून ओल्या मातीचा गार झोत आला, केळीला पाणी सोडलेलं असतं तसा. घरी हे जेवायचे थांबले असणार, चिडलेही असणार. नव्या गुडघ्याला रग लागली होती. पाय लांब करावासा वाटत होता.

मी केला नाही.